उजव्या गालाचं कासव

अल-अताया, कर्केना बेटं
२४ नोव्हेंबर १९९६

ती. खमीसदादास,
वसीलाचा सा. स. वि. वि.

तुझं पत्र आणि वहिनीने पाठवलेले लोकरीचे मोजे परवाच्या फेरीबोटीने पोचले. मोजे काकूने ताबडतोब पायांत घातले आणि म्हणाली, तूलाँची थंडी मोठी असेल, पण माझे पाय जास्त म्हातारे आहेत. वहिनीला सांग, पुढच्या वेळी दोन जोड्या पाठव.

दादा, मी एका गोष्टीत अडकले आहे. पाण्यातल्या आपल्या शेतात तुझाही वाटा आहे, म्हणून तुला सांगायलाच हवं. स्फाक्सच्या समुद्री प्राण्यांच्या केंद्रातून शाळेत एक कागद आला. तिथल्या डॉक्टर बुसैना लिहितात की कासवांच्या वल्ह्यांसारख्या पायांना लावलेले पत्र्याचे बिल्ले वर्षा-दोन वर्षांत गळून पडतात. पण प्रत्येक कासवाच्या गालावरच्या खवल्यांची मांडणी वेगळी असते आणि ती जन्मभर बदलत नाही, आपल्या अंगठ्यासारखी. केंद्राच्या एकुलत्या कॅमेऱ्यात खारं पाणी शिरलं आहे. तेव्हा कोणाच्या शरफियात, म्हणजे मासे धरायच्या खजुराच्या फांद्यांच्या कुंपणात, कासव अडकलं, तर सोडण्यापूर्वी त्याच्या गालाचं चित्र काढून पाठवावं. बेटावरच्या सगळ्या शाळांतून उत्तर दिलं ते फक्त मी. भूगोल शिकवते, आफ्रिकेचा किनारा न बघता काढते, मग कासवाचा गाल कितीसा अवघड? हा गर्वच होता, आता कळतंय.

गेल्या गुरुवारी हसूना काकांच्या शरफियाच्या शेवटच्या, मासे कोंडायच्या कोठीत एक मोठं कासव सापडलं. भरतीचं पाणी कोठीवर चढलं की यांना वर येऊन श्वास घेता येत नाही. हे वाचलं ते ओहोटीमुळे. काकांनी ते होडीत घालून आणलं, मी ओलं पोतं टाकून त्याच्याजवळ अर्धा तास बसले. जे काढलं ते बघून काकूने विचारलं की ही भाकरी कोणाच्या भट्टीत फुगली. सोबत पाठवते आहे, हसून घे.

काका मात्र हसले नाहीत. स्फाक्सचा एक माणूस गुपचूप कासवं घेतो, हे तुला माहीत आहे. त्याला देऊ नका, असं मी म्हटलं. काका म्हणाले, पोरी, समुद्रात कासवांना काय तोटा? हे गेलं, उद्या दुसरं येईल. मी म्हटलं, दुसरं नसेल, तेच पुन्हा येत असेल तर? तेव्हा त्यांनी पैज लावली. एकच कासव आपल्या पाण्यात दोनदा आलेलं दाखव. मग पुढच्या हंगामात प्रत्येक कोठीला कासवासाठी दार ठेवीन आणि चहाच्या दुकानात सगळ्या मालकांसमोर उभा राहून तसं सांगेन. नाही दाखवलंस, तर पुढच्या सप्टेंबरात फांद्या रोवल्या की पहिलं कासव स्फाक्सला, आणि तू आपली मुलांना नद्या शिकव, आपल्या बेटावर नसलेल्या. तोवर कासवं मी कागदावर काढायची आणि त्यांनी सोडायची.

काकांनी दार ठेवलं तर बाकीचे ठेवतील. कुंपण कुठून वळवायचं हे आजही सगळे त्यांनाच विचारतात.

जाता जाता ते आणखी एक बोलले. म्हणाले, एका कासवापायी माझा सख्खा भाऊ तुटला, मला त्यांची माया शिकवू नकोस. बाबा आणि काका दोन वर्षं बोलत नव्हते, एवढंच मला ठाऊक आहे. मी तेव्हा ट्युनिसला कॉलेजात होते. मला सांगितलं होतं की हद्दीवरून भांडण झालं. तुला काही माहीत आहे का?

वहिनीला सलाम. माया असू द्यावी, भरतीच्या पाण्याएवढी.

तुझी,
वसीला


तूलाँ, फ्रान्स
१५ डिसेंबर १९९६

चि. वसीलास,
अ. उ. आ.

तुझं कासव मिळालं. तुझ्या वहिनीने बराच वेळ कागद न्याहाळला आणि म्हणाली, हसूना काका फार सुकले हो. मी तिला सांगितलं नाही की ते कासव आहे. भिंतीवर लावलंय.

काढायचंच असेल तर ऐक. कवचापासून सुरुवात करू नकोस, कवच सगळ्यांनाच फसवतं. आधी डोळा काढ. मग डोळ्याला चिकटलेला खवला, मग त्याला चिकटलेला. पुढे पळू नकोस. मीही कधीकाळी होड्यांवर मासे रंगवायचो, हे तुला आठवत असेल. आता जहाजांना गंज चढू नये म्हणून लाल रंग फासतो. माशांपेक्षा सोपं आहे, जहाज हलत नाही.

पण पैजेचं मला आवडलं नाही. काका सत्तरीला आले. त्यांच्याशी कासवावरून वाद घालू नकोस. माझ्या वाट्याचं म्हणशील, तर काका ठरवतील ते मला मान्य आहे. जुन्या भांडणाबद्दल विचारलंस. मला काही ठाऊक नाही. मी त्या वेळी इकडे यायच्या गडबडीत होतो.

काकूसाठी मोजे पाठवतो. तब्येत जप, आणि आमची आठवण पुसू देऊ नकोस.

तुझा,
खमीस


अल-अताया
१६ मार्च १९९७

ती. दादास,
सा. स. वि. वि.

ईद चांगली गेली. मोजे पोचले, काकूने या वेळी एक जोडी मला दिली, तीही जुनी.

माझी सात कासवं झाली. तू सांगितल्यासारखी डोळ्यापासून सुरुवात केली, तरी पहिली चार मला स्वतःलाच पटली नव्हती. खवला दिसायचा एक आणि हात काढायचा भलताच. मी रोजवहीत लिहिलं की मला दिसत नाही, मी फक्त आठवते. मग काकूने मला मागावर बसवलं. तिची शाल विणणं चाललं होतं. ती म्हणाली, तू कासव काढायला जातेस म्हणून चुकतेस. मी कधी शाल विणते का? मी मोजते. पाच कोनी, त्याला लागून सहा कोनी, खाली चार कोनी, मग वळ. पाचव्या कासवाला ती स्वतः किनाऱ्यावर येऊन बसली आणि विणीतले टाके मोजावे तसे खवले मोठ्याने मोजत गेली. मी नुसती तिच्या आवाजामागे पेन्सिल नेली. दादा, त्या दिवशी पहिल्यांदा कागदावरून कोणीतरी माझ्याकडे बघितलं.

आता तर बायका विहिरीवर विचारतात, तुझं सहावं कोणासारखं दिसत होतं. काकांनी माझं नाव कासवांची मुख्तार ठेवलं आहे. गावच्या मुख्तारासारखा माझ्याकडून जन्माचा दाखला घेतल्याशिवाय कासव आता पोहत नाही, असं सगळ्यांना सांगतात.

सातवं परवा आलं. चांगलं थोराड, उजव्या डोळ्याच्या मागे तीन मोठे खवले आणि त्यांच्या खाली एक एवढासा तीन कोनी, जणू उरलेल्या जागेत बसवलेला. कवचाच्या मागच्या कडेला ऑलिव्हच्या बीएवढं गोल भोक होतं. झिजून गुळगुळीत झालेलं. कशाचं असेल? तेही मी कागदावर लिहून ठेवलं. काकांनी ते भोक निरखून बघितलं. मग म्हणाले, पूर्वी अशी डझनावारी कासवं बांधलेली असायची, सगळ्यांना भोकं पाडायचे. नंतर एकटेच होडी घेऊन गेले आणि त्याला नेहमीपेक्षा खोल पाण्यात सोडून आले.

सातपैकी एकही अजून दुसऱ्यांदा आलेलं नाही. पण केंद्रात त्यांच्याजवळ मागच्या सहा वर्षांचे, कॅमेरा बिघडण्यापूर्वीचे, फोटो आहेत. माझं एखादं त्यांत सापडेल या आशेवर सगळी चित्रं मेअखेर पाठवीन म्हणते.

तुझी पेन्सिल हातात आहे असं समजून आशीर्वाद देत राहा.

वसीला


अल-अताया
२५ मे १९९७

ती. दादास,
सा. स. वि. वि.

दोन महिने तुझं पत्र नाही. वहिनी बरी आहे ना? तुझा खोकला?

मी हरले, दादा. हंगाम संपला, शरफिया काढून ठेवली, माझी एकंदर अकरा चित्रं झाली. सगळी महिन्याच्या सुरुवातीलाच पाठवली, धीर धरवला नाही. काल डॉक्टर बुसैनांचं उत्तर आलं. लिहितात की चित्रं फार नेटकी आहेत आणि एकही उपयोगाचं नाही. केंद्रातले सगळे फोटो डाव्या गालाचे आहेत. शाळेत आलेल्या त्या पहिल्या कागदावर फ्रेंचमध्ये स्वच्छ छापलं होतं, डावा गाल. मी अकराही उजवे काढले. आणि दोन गाल सारखे नसतात.

कसं झालं ते मी रात्रभर शोधत होते. मी दर वेळी कासवाचं तोंड माझ्या उजव्या हाताला येईल असंच ठेवून घेत होते. आपलं अरबी अक्षर उजवीकडून सुरू होतं, ओळ तिथून, मग नाकही तिथूनच. कागदावर डावीकडून सुरुवात करायचं माझ्या हाताच्या मनातही आलं नाही. छापलेली ओळ मी निदान तीस वेळा वाचली असेल. चूक झाली याचं एवढं नाही. ती दिसू नये इतकी मी स्वतःच्या चित्रांवर खूश होते, ते लागलं.

काकांना मीच जाऊन सांगितलं. मला वाटलं आता टोमणे ऐकावे लागतील. ते एवढंच म्हणाले की दोन गालांची भानगड माणसांतही असते, आणि सप्टेंबरला अजून वेळ आहे. पण सप्टेंबरपर्यंत पाण्यात कुंपण नाही, म्हणजे कासव नाही. फांद्या रोवायच्या आदल्या शुक्रवारी मालक जमतात, तोवरच मुदत.

चार ओळी लिही. रागावला असशील तर तेही लिही.

वसीला


तूलाँ
८ जून १९९७

चि. वसीलास,
अ. उ. आ.

आम्ही बरे आहोत. न लिहिण्याचं कारण तुझं मार्चचं पत्र. ते भोक.

ते बाबांनी पाडलं आहे. १९७४ चा ऑक्टोबर. आपल्या शरफियात सापडलेलं कासव त्यांनी हातगिरमिटाने भोक पाडून, दोर ओवून, घरासमोरच्या उथळ पाण्यात खुंटाला बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी स्फाक्सचा माणूस येणार होता. राखणीला काका होते. दुपारभर मला काही काम नव्हतं म्हणून मी त्याचं चित्र काढलं, चार तास. होडीवर रंगवायला बरं पडेल म्हणून खवला न् खवला मोजून. वसीला, चार तास कोणाच्या तोंडाकडे बघितल्यावर त्याला विकता येत नाही. पहाटे काका नमाजाला गेले आणि मी दोर कापला.

बाबांनी धरलं की काकांनीच ते परस्पर विकलं. काका शपथेवर नाही म्हणाले. बाबांनी चहाच्या दुकानात, सगळ्यांसमोर, त्यांना चोर म्हटलं. मी तिथेच होतो. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, उद्या. आठवड्याने माझी बोट होती. दोन वर्षांनी ते बोलायला लागले, पण शब्द कोणी मागे घेतला नाही, आणि बाबा तसेच गेले.

तुझी उजव्या गालाची चूक वाचून मी हसलो. मग जुने कागद ठेवलेला पत्र्याचा डबा उघडला, त्या दुपारचं चित्र काढलं आणि हसू थांबलं. माझ्याही कासवाचं नाक उजवीकडेच आहे. डोळ्यामागे तीन, खाली एक एवढासा तीन कोनी.

कागद सोबत ठेवतो आहे. मागे तारीख आहे, माझ्याच अक्षरात. तुला योग्य वाटेल ते कर. फक्त एवढं कर, माझ्याबद्दल तुझं मन आहे तसं ठेवता आलं तर ठेव.

खमीस


अल-अताया
१० ऑगस्ट १९९७

ती. दादास,
सा. स. वि. वि.

मन आहे तिथेच आहे. रागावले, तीन दिवस. मग आठवलं की मीही काकांना कधी विचारलं नव्हतं.

तुझा कागद उघडताच मला कळलं की हे सातवं. म्हणूनच मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. पैज जिंकायची आहे, भावाचं ओझं उतरवायचं आहे, अशा वेळी डोळ्यांना हवं तेच दिसतं. मार्चमध्ये मी जे काढलं ते खरंच बघून काढलं होतं ना, इथपर्यंत शंका आली. शेवटी केंद्राकडून माझी चित्रं परत मागवली, ती अकरा आणि तुझं एक अशी बाराही पातळ कागदावर एकाच आकारात उतरवून घेतली. तारखा नाहीत, नावं नाहीत, भोकाचा उल्लेख नाही. गंजिफा पिसावी तशी पिसून नवे आकडे घातले आणि डॉक्टर बुसैनांना पाठवून एवढंच विचारलं की यांत कोणी दोनदा आलं आहे का. काकूलासुद्धा सांगितलं नाही. ती म्हणाली, तुझ्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली घशात अडकलेली दिसते.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. तीन आणि दहा एकाच कासवाची चित्रं आहेत, यात शंका नाही. बावीसच्या बावीस खवले जुळतात, आणि तो छोटा तीन कोनी त्यांनी दुसऱ्या कुठल्याच कासवाच्या गालावर पाहिलेला नाही. मधे किती महिने गेले, असं त्यांनी विचारलं आहे. मी उत्तर लिहिलं, तेवीस वर्षं. तेव्हा त्या परवाच्या बोटीने स्वतः आल्या, दोन्ही मूळ कागद शेजारी ठेवून बसल्या आणि चहा गार होऊ दिला. जाताना म्हणाल्या, डावे असते तर हे कधीच कळलं नसतं.

दादा, मी गच्चीवर जाऊन एकटी नाचले. चव्वेचाळीस वर्षांची मास्तरीण. शेजारच्या कोंबड्यांनी पाहिलं.

पण पैज जिंकायला तुझा कागद दाखवावा लागेल, आणि कागद दाखवला की कागदामागची गोष्ट आली. ती तुझी आहे. तू नको म्हणालास तर मी हरलेली बरी, हे खरंच सांगते. मात्र हे पटकन लिहिलं नाही, दोनदा खोडलं, हेही खरं.

उत्तराची वाट बघते, आणि तुझीही.

वसीला


तूलाँ
२५ ऑगस्ट १९९७

चि. वसीलास,
अ. उ. आ.

काकांना एकट्याला सांगू नकोस. बाबांनी जिथे म्हटलं तिथेच, सगळ्यांसमोर वाच. माझं ८ जूनचं पत्र जसंच्या तसं. मला सांभाळून घ्यायला एक शब्दही गाळू नकोस.

तुझाच,
खमीस


अल-अताया
५ ऑक्टोबर १९९७

चि. खमीस यास,
हसूना काकाचा अ. उ. आ., कान पिळून.

हे मी बोलतो आहे आणि मुख्तारबाई लिहिताहेत. जसं बोलेन तसंच लिही, शाळेतल्यासारखं सुधारू नकोस, असं बजावलं आहे.

मालक जमले त्या शुक्रवारी वसीला चहाच्या दुकानाच्या उंबऱ्यात उभी राहिली. बायका आत येत नाहीत, ती आली नाही, पण आवाज मात्र आत पोचेल असा ठेवला. मला वाटलं हरल्याचं सांगायला आली. आधी दोन चित्रं सगळ्यांच्या हातांतून फिरवली. चौदा मालकांनी बावीस खवले मोजले, त्यातले सहा जण मोजताना दोनदा चुकले. मग म्हणाली, हे तेच कासव. मी म्हटलं, जुनं कोणी काढलं? तेव्हा तिने तुझं पत्र वाचलं.

मी ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा, कारण सालेम बहिरा आहे आणि मला चोर म्हटलं त्या दिवशी तुझ्या बापाच्या शेजारी तोच बसला होता.

खमीस, तेवीस वर्षं त्या दुकानात मी भिंतीला पाठ लावून बसतो. पाठीमागे कोणी असू नये म्हणून. त्या दिवशी खुर्ची उचलली आणि मधोमध ठेवून बसलो. दुकानदाराने चहा आणला आणि बदामही टाकले, न मागता. माझा साक्षीदार तेवीस वर्षं पोहत होता. माणसं विसरली, तुझा बाप गेला, तू पळालास. तो मात्र साक्ष द्यायला माझ्याच कोठीत आला. आणि मी त्याला विकायला निघालो होतो.

मार्चमध्ये ते भोक बघून माझ्या मनात आलं होतं, हे तेच असेल. पण भोकावर कोणी विश्वास ठेवला नसता, मीही ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तुझ्या बापाच्या कबरीवर जाऊन सगळं सांगून आलो. तो काही बोलला नाही. जिवंत असतानाही हरला की बोलत नसे.

पैज मी पाळली. उभा राहून सांगितलं की माझ्या प्रत्येक कोठीला मागे दार असेल, खजुराच्या दोराने बांधलेलं, एका हाताने सुटणारं, आणि भरतीआधी बघितल्याशिवाय मी घरी जाणार नाही. नऊ जणांनी हो म्हटलं. बाकीचे पाच माझी दारं बघून जातात आणि म्हणतात की मासे पळतील. मासे पळाले नाहीत. काल पहिलं कासव आलं, मी दोर सोडला, ते दारातून असं गेलं की जणू दार त्याच्या आजोबांनी बसवलं होतं. स्फाक्सचा माणूस आला होता, त्याला काकूने चहासुद्धा विचारला नाही. डॉक्टरीणबाईंनी छापील कागद बदलला म्हणे, आता दोन्ही गाल मागतात. आणि बेटावरच्या चार शाळांत वसीला शनिवारी जाते, मोजायला शिकवते. तुझी काकूही जाते आणि सगळ्यांच्या चुका काढते.

आता तुझं. तू भ्याड होतास. तू माझ्या तोंडावरची तेवीस वर्षं खाल्लीस. आणि तू दोर कापलास ते बरं केलंस. तिन्ही खरं आहे, मला त्यातलं एकही कमी करता येत नाही. शिक्षा ही की पुढच्या सप्टेंबरात यायचं आणि माझ्याबरोबर फांद्या रोवायच्या. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, तुझ्या वाट्याच्या पाण्यात. सुनेला घेऊन ये. मोजेही आण.

वसीला म्हणते खाली सही हवी. सही मला येत नाही, आणि अंगठा तर कोणीही देतो. म्हणून तिची पेन्सिल घेऊन खाली कासव काढलं आहे. जन्मातलं पहिलंच. काकू मोजत होती, तरी दोन खवले जास्त झाले. तोंड उजवीकडेच आलं.

डावा गाल तू येऊन काढ.